रेघ सरळ हवी

"रेघ सरळ हवी," असं पुटपुटत साहेब फुटपट्टी कागदावर ठेवायचे आणि डाव्या हाताची तीन बोटं तिच्यावर दाबून धरायचे. इथे आखातात, हमद पोर्टच्या यार्डात कंटेनरच्या रांगा आखणं हे आमचं काम. साहेब स्कॉटलंडचे, साठी ओलांडलेले. मी रत्नागिरीचा. समोर कॉम्प्युटर असताना हा माणूस आधी पेन्सिलीने आखणार, याची आम्ही त्यांच्या माघारी भरपूर थट्टा केली.

तुमच्याही ऑफिसात गावाचं पुराण लावणारा एखादा असेलच. साहेबांचं पुराण मतदारसंघाचं, आणि तोही रद्द झालेला! सगळी बेटंच बेटं. मतपेट्या होडीने यायच्या. एकदा होडी धुक्यात अडकली आणि निकाल खोळंबला. पुढे माणसं कमी झाली, नकाशावर नवी रेघ पडली आणि मतदारसंघ शेजारच्या दोहोंत वाटून टाकला. "ती रेघ वाकडी होती," साहेब म्हणायचे. "चर्च एकीकडे गेलं, दफनभूमी दुसरीकडे."

शेवटच्या निवडणुकीत ते आपल्या बेटावरच्या केंद्रात कारकून होते. मतदार आला की यादीतल्या नावावर रेघ मारायची. यादी जेमतेम दोन पानांची. सगळे उतारवयाचे, तरुण म्हणावेत तर हेच एकटे. त्या यादीची एक जुनी, रेघा न मारलेली प्रत त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे. तिकडे कोणी वारलं की किनाऱ्यावरच्या शहरात राहणाऱ्या त्यांच्या बहिणीचा फोन येई आणि साहेब त्या नावावर रेघ ओढत.

एका दुपारी बाहेर धूळ उठली होती. साहेबांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवली. "बसा," म्हणाले, आणि बेटावर पूर्वी टपाल वाटणाऱ्या बाईंच्या नावावर रेघ ओढली. अर्ध्या तासाने बहिणीचा फोन आला. बाई सकाळीच गेल्या होत्या. मी म्हटलं, योगायोग. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मात्र योगायोग म्हणवेना. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "त्यांना आपलं नाव-बिव सांगू नका हं!"

उशीर झाला होता. आदल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं होतं, "पूर्ण नाव? पत्ता?" इथे गेटपासपासून सिमकार्डापर्यंत सगळे हेच विचारतात. मी सवयीने वडिलांच्या नावासकट, फ्लॅट नंबरासकट सांगून मोकळा झालो.

निवृत्त होऊन जाताना त्यांनी यादी पाकिटात घालून माझ्या हातात दिली. वर फुटपट्टी.

"आता माझंच नाव राहिलंय. आपली रेघ आपण ओढायची नसते. तू ओढ. नाहीतर मी आलोच नाही असं होईल."

"इन्शाल्ला, साहेब. अजून खूप अवकाश आहे."

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

मी हो म्हटलं.

गेल्या महिन्यात, तशाच धुळीच्या दुपारी, समोर कोणी येऊन बसल्यासारखं वाटलं. खुर्ची रिकामी होती. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "बसा, साहेब."

मी पाकीट फोडलं. फुटपट्टीवर तीन बोटं दाबली आणि रेघ ओढली. सरळ आली. डोळे भरून आले.

मग खाली लक्ष गेलं. त्यांच्या नावाखाली पेन्सिलीने एक नाव वाढवलेलं होतं. माझं. वडिलांच्या नावासकट, आणि पुढे आमच्या अल अझीझियातल्या फ्लॅटचा नंबर.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांची बहीण रडत होती. कोण गेलं, हे मी विचारलं नाही.

जो मतदारसंघ मी कधी पाहिला नाही, त्याच्या यादीत रेघ नसलेला आता मी एकटाच. फुटपट्टी कोणाच्या हातात द्यायची, ते अजून ठरत नाही.