आमटीचा धडा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही बेधडक सांगते, कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. पण ती पायरी नववीतच हुकायची होती. ती का हुकली नाही, हे मात्र मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मिलच्या भोंग्यावर आमची गल्ली उठायची आणि भोंग्यावरच जेवायची. माझे वडील, अप्पा, सूत रंगवायच्या कारखान्यात होते. उकळत्या हौदात सुताच्या लडी बुडवायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या. हिरव्या रंगाचं काम असलं की भाकरी मोडणारी बोटंही हिरवी. मालक उन्हात दोन लडी धरून अप्पांनाच विचारायचा, ह्यातली फिकी कोणती. आई घरी बिड्या वळायची. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. त्यामुळं घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचायची. गावाकडचं कार्ड मी वाचायची, दवाखान्याची चिठ्ठी मी वाचायची, आणि माझं प्रगतिपुस्तकही मीच वाचून दाखवायची.

नववीच्या सहामाहीत मला इंग्रजीत सव्वीस मार्क पडले. वर्ष सुरू होतानाच अप्पांनी बजावलं होतं, "पास होतीस तवर शाळा. नापास झालीस की आईसंगं बिड्या वळायला बसायचं." प्रगतिपुस्तक मिळालं त्या संध्याकाळी मी मोठ्यानं वाचलं, "मराठी अठ्ठावन्न, गणित एकेचाळीस, इंग्रजी बेचाळीस." आवाज जरासुद्धा हलला नाही. अप्पांनी पुस्तक घेतलं, खिडकीपाशी नेलं, थोडा वेळ बघितलं. मग तव्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावून सहीच्या जागी ठसा उठवला. "बरं," म्हणाले.

आमच्या इंग्रजीच्या सरांची एक रीत होती. धडा इंग्रजीत वाचायचा, त्यावर भांडायचं आपापल्या भाषेत, आणि तास संपायच्या आत दोघातिघांनी आपलं म्हणणं एका इंग्रजी वाक्यात फळ्यावर लिहायचं. वर्गात तेलुगू बोलणारी विणकरांची पोरं होती, कानडी होती, दखनी होती, आणि आमची हाय-न्हायची मराठी तर होतीच. शेजारच्या वर्गाचे मास्तर दारातून डोकावून विचारायचे, "इंग्रजीचाच तास आहे ना?" सर म्हणायचे, "म्हणून तर एवढी ओरड."

दिवाळीनंतर एक गोष्ट धड्याला आली. परदेशातलं समुद्राकाठचं गाव. एका विधवा म्हातारीचा मुलगा जहाजावर गेलेला. तिला वाचता येत नाही, म्हणून ती मुलाचं पत्र गल्लीतल्या लंगड्या शिंप्याकडं नेते. मुलानं लिहिलेलं असतं, मी इकडंच लग्न केलंय, आता परत येणार नाही. शिंपी वाचतो, "आई, पुढच्या उन्हाळ्यात येतो." म्हातारी खूश होऊन त्याला वाडगाभर गरम सूप देते. पुढं दर पत्राला तेच. एक दिवस शिंपी मरतो. टेकडीवरच्या चर्चमध्ये पाद्री आहे, त्याला वाचता येतं, पण म्हातारी त्याच्याकडं जात नाही. नवी पत्रं न फोडता डब्यात ठेवते. धडा संपला.

सूप आमच्यातल्या कुणीच प्यायलं नव्हतं. सर म्हणाले, "आपली आमटीच समजा." झालं, त्या दिवसापासून तो आमटीचा धडा.

पुढच्या बाकावर एका वकिलाची मुलगी बसायची. ती म्हणाली, "सर, ही सरळ सरळ फसवणूक आहे."

मी उसळले. "फसवणूक कसली? म्हातारीला बरं वाटावं म्हणून वाचलं त्यानं!"

"तू कशाला एवढी चिडतीस?"

"मी कुटं चिडले?"

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "सर, आमटीत मटण हुतं का? असलं तर मीबी वाचीन खोटं." वर्ग हसला. मी हसले नाही. सरांनी मलाच उभं केलं.

"त्या खोट्यानं म्हातारीला काय मिळालं?"

"आशा, सर."

"आणि शिंप्याला?"

मागून आवाज आला, "आमटी!"

"बरोबर. आता सांग, आमटी मिळत नसती तर त्यानं खोटं वाचलं असतं?"

"माहीत न्हाई, सर."

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले. "पण त्या शिंप्याला माहीत असणार. बस खाली."

मी बसले. अप्पांना वाईट वाटू नये म्हणून मी बेचाळीस वाचलं, अशी मी दीड महिना स्वतःची समजूत घातली होती. माझी आमटी म्हणजे शाळा होती, हे त्या बाकावर बसताना मला कळलं.

घरी आले तेव्हा अप्पा उंबऱ्यात हात पुसत बसले होते. त्या दिवशी निळे. मी दप्तरातून प्रगतिपुस्तक काढलं. घरी विसरलं, असं सरांना सांगत मी ते अजून शाळेत परत दिलंच नव्हतं.

"अप्पा, मी त्या दिवशी खोटं वाचलं. इंग्रजी सव्वीस हाय. नापास."

आत बिड्यांची पानं कापणाऱ्या आईच्या कात्रीचा आवाज थांबला. अप्पा हात पुसतच होते.

"ठाव हाय," म्हणाले.

"कसं?"

"तेवढ्याच आकड्याखाली तांबडी रेघ हाय की. तांबडा कळंना झाला तर मालक मला कामावर ठेवील व्हय?"

ज्या माणसाला अख्खा कारखाना रंग विचारायचा, त्याच्या हातात मी लाल शाई दिली होती आणि त्याला ती दिसणार नाही असं धरून चालले होते. वाचता न येणाऱ्याला काहीच दिसत नाही, असं शिकलेल्या लोकांना वाटतं. मी तर अजून धड शिकलेही नव्हते.

"मग बोलला का न्हाई?"

"म्हटलं बगू, किती दिस दम काढती. लई घट्ट हैस."

"आता शाळा बंद?"

"आजच कशी आठवण झाली?" म्हणाले. मी धड्याचं सांगितलं. तर म्हणाले, "वाच की मग." मी एकेक इंग्रजी ओळ वाचून तिचं मराठी सांगत गेले. अडले तिथं अडले म्हणून सांगितलं. आई बिड्यांची पानं आणि दोरा घेऊन दारात येऊन बसली.

सगळं ऐकून अप्पा म्हणाले, "शिंपी मेल्यावर पाद्र्याकडं का न्हाय गेली म्हातारी?"

"सर म्हणाले, दुःखानं."

"दुःखानं न्हवं. तिला ठाव हुतं. पयल्या पत्रापासनं. कागद वाचता येत न्हाय, पर वाचणाऱ्याचं तोंड दिसतंय की समोर."

आई म्हणाली, "अगं बाई! आन् तरीबी आमटी देत हुती?"

"देणारच की. खरं वाचणारा पाद्री तिला कशाला पायजे हुता?" मग माझ्याकडं वळले. "पर मला पायजे. मला खरं वाचणारं माणूस पायजे घरात. उद्या जा शाळंत. वार्षिकला तांबडी रेघ दिसली तर मातुर बगतो."

दुसऱ्या दिवशी मी न सांगता उठले आणि फळ्यावर लिहिलं: द ओल्ड वुमन न्यू. म्हातारीला ठाऊक होतं.

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे तुझं म्हणणं?"

"आमच्या अप्पांचं."

"काय शिकलेत ते?"

"शिकलेले न्हाईत, सर. सूत रंगवतात."

सरांनी खिशातला चष्मा काढला, पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि उभ्या उभ्या मनातल्या मनात वाचलं. मग म्हणाले, "पुस्तकं काढा. धडा पहिल्यापासून परत वाचायचा."

त्या उन्हाळ्यात निकाल लागला. अप्पांनी प्रगतिपुस्तक आधी माझ्या हातातून घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि वरून खालपर्यंत बोट फिरवत बघितलं. कुठंच तांबडं नव्हतं. मग ते माझ्यापुढं धरलं.

"हं," म्हणाले. "आता वाच."