पाणी ठीक आहे

खाडीवर सगळे त्यांना 'बाटलीवाले' म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ पिणारे दिसतात. प्रत्यक्षात ते दर सोमवारी खाडीच्या मुखापाशी बाटल्यांत पाणी भरत आणि प्रयोगशाळेत नेऊन त्याची आम्लता मोजत. बावीस वर्षं हेच काम.

चार वर्षांपूर्वी आम्लता वाढलेली दिसली. त्यांनी यंत्र धुऊन पुसून परत पाहिलं. तेवढीच. साहेब म्हणाले, "यंत्र बिघडलं असेल. उगाच वरून विचारणा नको." यंत्र बिघडलं नव्हतं. पण नसत्या भानगडीत कशाला पडा म्हणून बाटलीवाल्यांनी मागच्या वर्षीचा आकडा लिहिला. पुढच्या सोमवारीही तेच. मग सवयच लागली.

त्यांची थोरली बहीण आणि तिची जाऊ त्याच खाडीचं पाणी टाक्यांत भरून कालवं वाढवत. पिल्लं टाक्यांतच मरू लागली. जगली त्यांच्या शिंपल्यांचा बोटांत धरताच चुरा व्हायचा.

"अरे, तू बघतोस ना पाणी? पाण्यात तर काही नाही?" ताईने विचारलं.

"पाणी ठीक आहे, ताई."

भावाचा शब्द म्हणजे ताईला काळ्या दगडावरची रेघ. पाणी ठीक, म्हणजे चूक माणसाची. टाक्या जाऊ सांभाळायची. ताईने तिला नाही नाही ते सुनावलं आणि कामातून बाजूला केलं. दोन वर्षं दोघींत बोलणं नव्हतं.

एकदा बाटलीवाले सहज डोकावले, तर ताई एकटीच मेलेली पिल्लं निवडत बसलेली. "तिला बोल लावले," ती म्हणाली, "आता माझ्याही हाताला यश नाही बघ."

त्यांना राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, आम्लता वाढली की शिंपला धरत नाही हेही.

ताईने मेलेली पिल्लं बाजूला सारली. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला जाऊन सांग."

जाऊ कपडे वाळत घालत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. "दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते. आणि दादा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

प्रयोगशाळेत त्यांनी लेखी कबुली दिली. नोकरी गेली. चार वर्षांचे खरे आकडे मात्र कुठेच नव्हते. ते आता कुठून आणणार?

ताईने माफी मागितली, तेव्हा जाऊ परतली. हल्ली टाक्या भरण्याआधी बाटलीवाले विकत आणलेल्या छोट्या यंत्राने पाणी तपासतात. आम्लता जास्त असली की त्या दिवशी पाणी घ्यायचं नाही. थोडी पिल्लं तगतात. ते आकडा सांगतात, आणि जाऊ एक अक्षर न बोलता यंत्र हातात घेऊन स्वतः खात्री करते. तोवर ते खाली बघत उभे राहतात.