पाच मिनिटं सोडलेला नळ

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पाचमिनिटे बाई म्हणायचे. आडनाव नव्हे हो, टोपणनाव! एकोणीस वर्षं शहरभर फिरून नळाच्या पाण्याचे नमुने गोळा करायचं त्यांचं काम, आणि नळ कुठलाही असो, बाटली धरण्याआधी तो घड्याळ लावून पाच मिनिटं वाहू द्यायचा, हा नियम. बाकीचे नमुनेवाले मिनिटभरात उरकून चहाला पळायचे. बाई मात्र जंतू मारायला नळाच्या तोंडावरून स्पिरिटचा पेटता बोळा फिरवायच्या, नळ सोडायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. कुणी म्हणालं, "बाई, भरा ना आता," की फटकन उत्तर, "घाई असेल तर घरी जा." नव्या माणसांना साहेब त्यांचंच उदाहरण द्यायचे. बाई कपाळाला आठ्या घालायच्या, पण मनातून भलत्याच खूश व्हायच्या.

अशा बाईंना एक दिवस धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या सात वर्षांच्या लेकीच्या रक्तात शिसं सापडलं होतं. सहा महिने पोरीचं पोट दुखत होतं, येत असलेल्या बेरजा ती विसरत होती, आणि वर्गशिक्षिकेने तिला मठ्ठ ठरवून मोकळं केलं होतं. डॉक्टरांनी घरचा रंग बघितला, खेळणी बघितली, घरचं पाणी तपासायला लावलं. सगळं ठीक. राहिली शाळा.

"ताई, शाळेचं पाणी तूच तपासतेस ना?"

"मीच. या वर्षी तीनदा तपासलंय. एकदम स्वच्छ," बाई ठसक्यात म्हणाल्या.

पण फोन ठेवल्यावर त्यांना चैन पडेना. डबा खात बसलेल्या केमिस्टसमोर त्या जाऊन उभ्या राहिल्या. केमिस्टने आधी आजूबाजूला बघितलं, मग हळूच सांगितलं. जंतू शोधायचे असतील तर पाच मिनिटं बरोबर. पण शिसं उतरतं इमारतीच्या जुन्या पाइपातून. रात्रभर त्यात साचून राहिलेलं पाणी बाई मोरीत घालवत होत्या आणि मागून आलेलं ताजं पाणी बाटलीत भरत होत्या. शिशासाठी नळ उघडल्याबरोबरचं पाणी हवं. "मी दोनदा लिहून दिलंय वर," केमिस्ट म्हणाला.

"आणि मला? मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"पद्धत वरून ठरते, बाई."

"चुलीत घाल तुझी पद्धत!" बाई ओरडल्या, आणि सगळी प्रयोगशाळा वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी पहारेकऱ्याला शाळेचं फाटक उघडायला लावलं. प्यायच्या नळाची तोटी फिरवली आणि पहिल्या धारेलाच बाटली धरली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता. केमिस्टने आकडा काढला. मर्यादेच्या अकरा पट! बाई तडक मुख्याध्यापिकेकडे गेल्या. "कार्यालयाकडून लेखी आणा, मग नळ बंद करू," मुख्याध्यापिका म्हणाल्या. चारशे पोरं तिथलं पाणी पीत होती आणि यांना कागद हवा होता.

साहेबांनी अहवाल वाचला आणि टेबलाच्या कडेला सरकवला. "नमुना नियमाप्रमाणे घेतलेला नाही. रद्द. सोमवारी शाळेला शुद्ध पाण्याचा दाखला जायचाय, तेव्हा पुन्हा घ्या. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने."

"साहेब, पोरं काय पाच मिनिटं नळ सोडून मग पाणी पितात?"

"तो आपला विषय नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि बाई, एकोणीस वर्षांच्या फॉर्मांवर सह्या तुमच्या आहेत. उगाच उकरून काढलंत, तर खापर कुणावर फुटेल?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे कौतुक करायला साहेब पुढे, आणि निस्तरायला बाई! पण त्या ओरडल्या नाहीत. दातओठ खात म्हणाल्या, "घेते नियमाप्रमाणे. फेरतपासणीला अधिकाऱ्याची सही लागते. शुक्रवारी शाळा भरताना या."

साहेब आले. नळासमोर पोरांची रांग लागली होती, फाटकाशी आयांचा घोळका होता. भाची घरची बाटली गळ्यात अडकवून बाजूला उभी होती. बाईंनी बोळा फिरवला, नळ सोडला आणि रांगेसमोर हात आडवा धरला.

"थांबा रे. अजून प्यायचं नाही. पाच मिनिटं व्हायचीत."

"का हो? पाण्याला काय झालंय?" एका आईने विचारलं.

"साहेबांना विचारा. पाच मिनिटांच्या आतलं पाणी मला बाटलीत घेऊ देत नाहीत. घेतलं होतं मी. अकरा पट शिसं निघालं, म्हणून रद्द केलं यांनी."

"बाई, आवाज खाली," साहेब पुटपुटले.

"एकोणीस वर्षं खालीच होता!"

फाटकाशी उभ्या असलेल्या आया आत घुसल्या. "म्हणजे आमची पोरं रोज जे पितात, ते तुम्ही तपासतच नाही?" साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिले. वाहणाऱ्या नळाकडे आता सगळे बघत होते, आणि ती पाच मिनिटं काही केल्या संपेनात. मुख्याध्यापिका धावत आल्या. आज त्यांना कागद लागला नाही. नळ बंद करून टाका, त्या म्हणाल्या. साहेब सही न करताच गाडीकडे निघाले.

बाईंना वाटलं, आता तरी डोकं शांत होईल. तेवढ्यात भाचीने त्यांच्या बाहीला धरलं.

"मावशी, आधी यायचीस तेव्हापण अशीच थांबायचीस?"

"हो गं."

"आई मला कामावर जाताना सोडायची ना, म्हणून मी सगळ्यांच्या आधी यायचे. नळ मीच उघडायचे. मग तू सोडून द्यायचीस ते पाणी मी प्यायचे का?"

साहेबांची गाडी केव्हाच फाटकाबाहेर गेली होती. आता ओरडायचं तरी कुणावर? बाईंनी तोटी घट्ट आवळली.

"हो," त्या म्हणाल्या. "तूच प्यायचीस."