पेटी उन्हात ठेवणाऱ्या माई

वाद्याचा फोटो घरात काढा म्हटलं की स्टुडिओवाल्या माईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "पेटी काय आजारी आहे, घरात निजवायला? उचला आणि चला बाहेर!" लिंबायतला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. नवऱ्यामागे ते एकटीनं चालवलं. पासपोर्टचे फोटो काढायच्या आणि पोटासाठी या परराज्यात आलेल्या आमच्या खानदेशी गायकांच्या अल्बमची कव्हरं करायच्या. आधी कॅसेटची, मग सीडीची, आणि आता मोबाइलवर गाणं लावलं की दिसतं ते चौकोनी चित्र.

कव्हरवर गाणाऱ्याचं तोंड त्यांनी कधी छापलं नाही. नुसतं वाद्य, आणि तेही भलत्याच जागी. एकाची ढोलकी रंगीत कापडाच्या ओल्या ढिगावर, तर एकाचं संबळ हजीऱ्याला लोखंडी पाइपांच्या थप्पीवर. लोक हसायचे. मलाही आधी वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. मग कळलं, ढोलकीवाला पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड वाहतो आणि संबळवाला हजीऱ्याला वेल्डर आहे. जो जिथे राबतो तिथेच त्याचं वाद्य ठेवायचं, हा माईंचा नियम. कुणी मागे धबधबा आणि बर्फाचे डोंगर लावा म्हटलं की म्हणायच्या, "मग धबधब्याखालीच बिऱ्हाड कर ना. कडोदऱ्याला कशाला मरायला आलास?"

मी त्यांच्यासोबत जायचे, सावली पडू नये म्हणून पांढरं थर्माकोल धरायला. पलसाण्याला मिलचा वॉचमन फोटो अडवायला काठी आपटत आला. "माजी, अहीं फोटो नई पाडवानो!" माईंनी कॅमेऱ्यातून डोळासुद्धा काढला नाही. म्हणाल्या, "भाई, मी तुझ्या मिलचा नाही, ढोलकीचा फोटो काढतेय. मिल मागून आली तर मी काय करू?" तो इतका गोंधळला की माझ्या हातातलं थर्माकोल त्यानं स्वतःच सरळ केलं.

पुढे कानबाई देवीच्या गाण्यांचा माझा स्वतःचा अल्बम ठरला. मी गाते, आणि वडिलांनी शिकवलेली पेटी वाजवते. कानबाईचा सण श्रावणात, त्याच्या आत गाणी बाहेर यायला हवी होती. नेमके त्याच वेळी माईंचे डोळे जायला लागले. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. नाशिकचा मुलगा न्यायला आला, तर त्यालाच यांनी दरडावलं, "आधी हिचं कव्हर. मग कुठे न्यायचं तिथे ने." अंधूक दिसतंय तोवर हे एक कव्हर स्वतःच्या हातानं करायचंच, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

मला खरं तर नदीकाठची बाग हवी होती. फुलं, कारंजं, नवी साडी! माई घरी आल्या आणि विचारलं, "तू कामाला कुठे जातेस?"

"मी कुठे जाते कामाला? घरीच तर असते."

माईंनी साड्यांच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "अस्सं! मग या साड्यांना टिकल्या काय कानबाई येऊन लावते?"

घरात मजुरीवर आणलेल्या साड्यांचे गठ्ठे, बोटांना डिंक, आणि म्हणे घरीच असते! टिकल्या लावलेल्या साड्या आम्ही गच्चीवर उन्हात सुकत घालायचो. माईंनी पेटी तिथेच न्यायला लावली. माझे यजमान कुरकुरले, "माई, गावाकडे काय म्हणतील?" त्यावर, "पेटीची दुसरी बाजू धर," एवढंच उत्तर मिळालं.

भर दुपार. चहूकडे साड्या, मधोमध पेटी. वारा सुटला तशा साड्या उडायला लागल्या आणि हजारो टिकल्या एकदम चमकल्या. माईंनी कॅमेरा लावला, काढला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाल्या, "बये, नुसता उजेड दिसतोय गं. पेटी कुठेय?"

मी म्हटलं, "माई, राहू द्या. उद्या बघू." तर त्या कडाडल्याच. "उद्याचं कुणी पाहिलंय? तू वाजाड, मी शे ना आठे!" 'मी आहे ना इथे' हेसुद्धा चिडूनच; फार चिडल्या की त्या अहिराणीतच बोलायच्या. मी भाता ओढला आणि एक सूर धरला. आवाजाच्या रोखानं त्यांनी कॅमेरा वळवला, श्वास धरला आणि बटण दाबलं. मी धावत जाऊन फोटो पाहिला. पेटी जरा तिरकी, मागे झगमगत्या साड्या, आणि कोपऱ्यात माझा डिंक लागलेला हात.

"हात आला, माई."

"येऊ दे. टिकल्या त्यानंच लावल्यात."

माई नाशिकला गेल्या त्या दिवशी मी ओक्साबोक्शी रडले. त्यांनी मात्र माझ्या मुठीत दुकानाची चावी कोंबली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चाल भाई." कॅमेरा कसा धरायचा, उजेड कसा घ्यायचा हे त्यांनी मला केव्हाच शिकवून ठेवलं होतं. पण दुकानाचं शटर उघडायचं धाडस काही मला झालं नाही.

परवा माझा दुसरा अल्बम ठरला. कव्हरसाठी मी पेटी माईंच्या दुकानाच्या पायरीवर ठेवली, फोटो काढला आणि मोठ्या हौसेनं फोन केला. माईंना आता काहीच दिसत नाही, म्हणून सगळं वर्णन करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मागे शटर आहे ना? उघडं की बंद?"

"बंद."

"मग तिथे राबतं कोण? चुकलं तुझं. उघड, आणि परत काढ." फोन ठेवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. गंज धरलेलं, त्याच्या करकरीनं सगळी गल्ली जागी झाली. झाडलोट केली, दिवे लावून पाहिले, पेटी पायरीवर ठेवली. कॅमेरा उचलते तोच एक कॉलेजातली मुलगी आली. "बेन, पासपोर्ट फोटो पाडी आपशो?"

म्हटलं, "आवो, बेसो."

ती आत आरशापुढे केस नीट करत होती, तेवढ्यात मी बाहेर येऊन पेटीचा फोटो काढला. पायरीवर पेटीच्या शेजारी तिच्या चपला आल्या. त्या मी हलवल्या नाहीत.