तेजल गमरेची सुपारी

तेजल गमरेला शिवीचा येत नसेल एवढा राग 'हौस' या शब्दाचा यायचा. शिवी देणारा निदान तुमची दखल घेतो. 'आमच्या तेजलला फोटोची भारी हौस' म्हणणारा तोंडभर हसतो, पाठीवर थाप मारतो आणि फुकटात शंभर फोटो काढून घेऊन घरी जातो.

तेजलचं वय एकतीस. नोकरी जयगडच्या बंदरावर, एका ठेकेदाराच्या कचेरीत, गेटपासच्या खिडकीवर. कामाला येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, पास छापायचा, की पुढचा. तिच्या आधी त्या खिडकीवर जो बसायचा, त्याच्या पासांवरची माणसं फरारी आरोपी दिसायची. तेजलने आल्या आल्या खुर्ची भिंतीपासून उचलून उजेडात नेली, वरची ट्यूब बंद केली आणि समोरच्याला आधी गाव विचारायला लागली. गावाचं नाव सांगताना माणसाचा चेहरा सैल पडतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. वेळणेश्वरचा एक वेल्डर तर मुदत संपल्यावरही पास परत देईना. म्हणाला, यातला फोटो आईला दाखवायचाय.

मग तिने पगारातून एक जुना कॅमेरा घेतला, आणि वाडीचं फावलं. बारसं असो, साखरपुडा असो, निरोप ठरलेला, "तेजल, येताना कॅमेरा आण गो." चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती तीन-तीन तास उलटी चालायची, कारण मिरवणुकीचे चेहरे पुढून दिसतात. घरी जाताना हातात काय, तर लाडवांचा पुडा. वाडीत घरोघरी भिंतीवर तिचे फोटो होते आणि खाली चिकटवलेलं नाव फ्रेमवाल्याचं होतं.

जानेवारीत तिने वडिलांना सांगितलं की एप्रिलपासून नोकरी सोडणार, फोटोग्राफीच करणार. काशीराम गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी वर्गात विचारलेल्या प्रश्नाला उलट प्रश्न आला नव्हता.

"हौस आहे तर रविवारी कर," ते म्हणाले. "हौसेवर घर चालत नाही."

"बाबा, सहा वर्षं मी खिडकीत बसून फोटोच काढतेय. त्याला कोणी हौस म्हणत नाही."

"ती नोकरी आहे."

"मग हे पण कामच. फरक एवढाच की तिथे ठेकेदार सांगतो आणि इथे कोणी सांगत नाही, गृहीत धरतात."

गुरुजी वर्तमानपत्रामागे गेले ते जेवायच्या वेळेलाच बाहेर आले.

फेब्रुवारीत मुंबईहून भिकाजीकाका आले. काका म्हणजे गुरुजींचे धाकटे भाऊ. त्यांच्या केतनचं लग्न ठरलं होतं, मुलगी राजापूरकडची, अक्षया नावाची. काकांनी ओटीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "फोटोला रत्नागिरीचा स्टुडिओ सांगितलाय. ड्रोनबीन सगळं. पण तू तुझा कॅमेरा आणच हां तेजल."

"स्टुडिओला सुपारी दिलीत?"

"दिली ना."

आता हे सुपारी प्रकरण असं, की आपल्याकडे बँजोवाला, आचारी, नमनाचं मंडळ यांना काम सांगितलं की सुपारी दिली म्हणतात. खरीखुरी सुपारी हल्ली कोणी हातात ठेवत नाही. बोलणं झालं, तारीख ठरली की झाली सुपारी. ती घेतली की माणूस त्या दिवशी पाहुणा राहत नाही, कामाचा होतो.

"मग मला पण द्या," तेजल म्हणाली. "नाहीतर मी नुसती पाहुणी. साडी नेसून येईन, जेवेन, जाईन."

काका खो खो हसले. "घरच्या पोरीला सुपारी? बँजोवाली हायस काय गो तू?"

"बँजोवाल्याला तुम्ही घरचा म्हणत नाही काका, म्हणून तो ताठ मानेने येतो आणि ताठ मानेने जातो. मला तेवढंच पाहिजे."

काका हसायचे थांबले, पण सुपारी काही निघाली नाही. दोन दिवसांत वाडीभर झालं की तेजलला माज चढलाय. तेजल म्हणाली, चढलाय तर चढलाय.

लग्नाला ती खरंच मोकळ्या हातांनी गेली. वाडीतल्या विहारासमोरच्या कातळावर मांडव घातला होता. स्टुडिओचा सुहास दोन कॅमेरे गळ्यात अडकवून सकाळपासून राबत होता. माणूस वाईट नव्हता, हातही चांगला होता. पण आजवर त्याने सगळी लग्नं काढली ती अंतरपाटाची. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील सुरू झालं, तेव्हा तो समजला की ही सुरुवातीची प्रार्थना. पुढे अंतरपाट धरतील, मंगलाष्टकं होतील, तेवढ्यात वरून मांडव टिपून घेऊ. त्याने कोणाला विचारलं नाही आणि त्याला कोणी सांगितलं नाही. तो ड्रोन घेऊन मांडवाबाहेर गेला.

तेजलने ते पाहिलं. ती उठून मांडवाच्या कडेपर्यंत गेली, हात हलवून त्याला बोलावू लागली. पण आभाळाकडे मान करून उभ्या असलेल्या माणसाला हात कुठला दिसायला! ती वळली तोवर वधूवरांच्या प्रतिज्ञा झाल्या होत्या आणि अक्षयाने माळ उचलली होती. केतन ताडमाड, अक्षया बुटकी. त्याने गरजेपेक्षा जास्तच मान वाकवली, तिला हसू फुटलं आणि माळ तिच्या बांगडीत अडकली. मग दोघंही ती सोडवू लागले, डोक्याला डोकं लावून. तेजलचं उजवं बोट आपोआप वाकलं. हातात काही नव्हतं.

फुलं उधळली गेली, टाळ्या झाल्या. सुहास धावत आत आला आणि म्हणाला, "अंतरपाट?"

"अंतरपाट नसतो आमच्यात," कोणीतरी म्हणालं. "झालं लग्न."

मोबाईल शंभर उठले होते, पण प्रत्येकाच्या फोटोत पुढच्याचा मोबाईल. सुहास बिचारा घामाघूम. "परत एकदा माळा घालता का?" त्याने विचारलं. विधी सांगणारे बौद्धाचार्य शांतपणे म्हणाले, "प्रतिज्ञा काय रोज रोज घेतात?" अक्षयाचे डोळे भरले.

काका तेजलकडे आले. "तू तरी काढला असशील ना गो?"

"नाही."

"एक पण नाय?"

"मला सुपारी नव्हती, काका. मी पाहुणी होते."

मग जो तो बोलू लागला. घरच्या पोरीने असं करावं? एवढा कसला तो माज? तेजलला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. तो बांगडीत अडकलेल्या माळेचा फोटो जगात कुठेच नव्हता, फक्त तिच्या डोळ्यांत होता. पण माफी तिने मागितली नाही. आज माफी मागितली तर उद्यापासून पुन्हा लाडवांचा पुडा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"गप बसा रे सगळी," खुर्चीतून आवाज आला. येसूबाई. वाडीतली सगळ्यात जुनी बाई, छप्पन साली आईचं बोट धरून दीक्षा घेतलेली. "तेजल, हकडं ये."

तेजल गेली. येसूबाईंनी कमरेची चंची सोडली, पानं बाजूला सारली आणि एक अख्खी सुपारी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"माज्या नातीचं, रेणुकाचं लगीन हाय मे महिन्यात. सोळा तारीख. येशील?"

"काकी, आपण सोडलंय ना हे सुपारीबिपारी?" भिकाजीकाका म्हणाले.

"देवापुढं ठेवायची सोडली. कामाची कोनी सोडली? आनि तू काय रं, रत्नागिरीला दिलीस ती कनची व्हती?"

मांडवात हशा उठला. तेजलने पर्समधून डायरी काढली, तारीख लिहिली, वेळ विचारली, मुहूर्त नसतो तरी लोक किती वाजता जमतील तेही विचारून घेतलं. मग मूठ मिटून ती पंगतीला जाऊन बसली.

काका मागोमाग आले. त्यांचा आवाज बराच खाली आला होता. "झालं ते झालं. आता मोबाईलवर तरी पंगतीचे दोन मार ना. हौस म्हणून."

तेजल काही बोलायच्या आत समोर भाताचं घमेलं घेतलेले काशीराम गुरुजी थांबले.

"तिची तारीख सोळा मे आहे, भिकाजी," ते म्हणाले. "आज ती पाहुणी आहे. तू आमटी आण."