कॅप्टनचं पोट

आमच्या आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, कुणाला तोंडावर नको ते सांगता येत नाही. न्हाव्याने एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला तरी ते आरशात बघून "छान, छान" म्हणतात आणि घरी येऊन दुसरी बाजू आत्याकडून सारखी करून घेतात. दूधवाल्याला "उद्यापासून एकच लिटर" एवढं सांगायचं होतं, तर त्यांनी इतका वेळ लावला की शेवटी तो दूधवालाच धंदा बंद करून गेला. असा माणूस फुटबॉलचा मॅनेजर होतो आणि दोनदा लीग, एकदा कप जिंकतो, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्ही त्याच घरात खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे आम्हाला नवलापेक्षा जरा जास्तच माहिती आहे.

खेळायचे तेव्हा त्यांना 'टाळकं' म्हणत. पाय बेताचेच होते, पण चेंडू हवेत आला की चार जणांच्या खांद्यांवरून हेच टाळकं आधी वर यायचं. बाटल्यांच्या कारखान्याच्या टीममधून ते आणि माझे बाबा बरोबरच गावच्या क्लबात आले. बाबा डावीकडचे बॅक, आतोबा पुढे. बाबांनी मागून लांब चेंडू उचलायचा आणि आतोबांनी तो डोक्याने जाळ्यात घालायचा, हा उद्योग दोघांनी इतकी वर्षं केला की बाबांनी पुढे आपली बहीणही त्याच भरवशावर त्यांना देऊन टाकली. आत्या अजून म्हणते, "मलापण ह्या भावाने लांबूनच पास केलं. चेंडूला कुणी विचारतं का?"

मग आतोबांना एका मोठ्या क्लबाने नेलं. तिथे एका हंगामात अख्ख्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल त्यांचे होते. पेपरात फोटो आला, बुटांच्या जाहिरातीत चेहरा आला, देशाच्या टीमचा शर्टही अंगावर चढला. तो शर्ट चढतो न चढतो तोच गुडघा गेला. काही काळ ते काठी घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारत आणि आत्याच्या कामात लुडबूड करत. शेवटी आपल्या जुन्याच क्लबाने त्यांना मॅनेजर केलं. क्लब तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अगदी तळाशी होता आणि कॅप्टन होते माझे बाबा.

मॅनेजर म्हणून त्यांची एक पद्धत होती. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये यायच्या आधीच खुंट्यांवर शर्ट टांगलेले असायचे. ज्याच्या खुंटीला शर्ट, तो खेळणार. ज्याची खुंटी मोकळी, त्याने काय ते समजून घ्यायचं. पेपरवाल्यांना हे भलतंच आवडलं. 'मूक सेनापती' असंही कुणीतरी लिहिलं. हा सेनापती त्या वेळी कुठे असायचा ते आमच्या क्लबाचे सामानवाले काका सांगतात. मैदानामागे गवत कापायच्या यंत्राची खोली आहे, तिथे बादली पालथी घालून तिच्यावर बसलेला. ज्यांना शर्ट मिळाला नाही ते चडफडून गप्प झाले, असा निरोप काकांनी आणला की मगच साहेब बाहेर यायचे.

पण डोकं होतं, हे कबूल करायला हवं. दोन हंगामांत त्यांनी टीम वरच्या डिव्हिजनमध्ये नेली आणि पुढच्याच वर्षी कपच्या फायनलला. गावाच्या क्लबाने फायनल पूर्वी कधी पाहिली नव्हती, तिकीट काढूनसुद्धा.

तोवर बाबांचे पाय जड झाले होते. समोरच्या टीमचा उजवा विंगर असा पळायचा की त्याच्यामागे बाबांनी धावणं म्हणजे सुटलेली बस पकडणं. त्यांना बाहेर ठेवणं बरोबरच होतं, हे मी त्यांचा मुलगा असून म्हणतो. आतोबांनी ते आठवडाभर आधीच ठरवलं होतं. त्या आठवड्यात दोघे रोज एका टेबलावर जेवले. फायनलच्या दिवशी बसमध्ये शेजारी शेजारी बसले. बाबांनी संत्रं सोलून अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. आतोबांनी विचारलं, "झोप लागली का?" बाबा म्हणाले, "लागली की." एवढंच बोलणं झालं.

ड्रेसिंग रूममध्ये बाबांनी आधी बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि मग खुंटीकडे वळले. कॅप्टनची खुंटी दाराजवळची, पहिली. ती मोकळी होती.

बाबा हसले. म्हणाले, "अरे, माझा शर्ट धुवायलाच राहिला की काय?"

कुणी हसलं नाही. सामानवाले काका पिशवीचा पट्टा उगाच घट्ट करत बसले. शेजारचा नवा पोरगा, ज्याला बाबांची जागा मिळाली होती, शर्ट डोक्यातून अर्धा घालून तसाच थांबला, तोंड आतच ठेवून. तेव्हा बाबांना कळलं. त्यांनी नाड्या सोडल्या, आपले कपडे घातले आणि जिना चढून प्रेक्षकांत आले. तिथे आई आणि आत्या बसल्या होत्या.

"तू इथे काय करतोयस?" आत्याने विचारलं.

"पोट बिघडलं," बाबा म्हणाले.

"सकाळी तर बरा होतास."

"आत्ताच बिघडलं."

आजूबाजूच्या रांगांत ही बातमी पसरायला पाच मिनिटंही लागली नसतील. मॅच आपण जिंकलो. त्या पोराने विंगरला जागचं हलू दिलं नाही आणि एकमेव गोलही त्याच्याच लांब चेंडूवर झाला. मॅचनंतर पेपरवाल्यांनी आतोबांना गराडा घालून विचारलं, "कॅप्टनचं पोट कसं आहे आता?" आतोबांना आधी काही उमगेना. सामानवाले काका सांगतात, त्यांनी एकदा डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "बरं आहे. ऐनवेळी झालं, काय करणार."

झालं. ऐनवेळी कॅप्टन आजारी पडला तरी मॅनेजर डगमगला नाही, नव्या पोराला उतरवून कप आणला, अशी आतोबांची ख्याती झाली आणि त्या ख्यातीवर त्यांना मोठ्या क्लबाने पुन्हा बोलावलं. त्यांनी जिंकलेल्या दोन्ही लीग तिकडच्या. बाबांच्या वाट्याला पोट आलं. फायनलच्या भीतीने कॅप्टन संडासात जाऊन बसला, असं ठरलं. आमच्या गावात परीक्षेच्या वेळी कुणाला सारखं बाहेर जावं लागलं तर 'कॅप्टन झाला' म्हणतात. माझी अख्खी शाळा या एका शब्दाखाली पार पडली. खरी गोष्ट मला पुढे सामानवाल्या काकांनी सांगितली. बाबांनी कधीच नाही.

घरात भांडण झालं नाही. बाबांनी फुटबॉल सोडून गाडी शिकवायचा क्लास काढला आणि एरवी 'अरे' म्हणायचे ते आतोबांना 'अहो' म्हणायला लागले. लोकांना वाटलं, बहिणीच्या नवऱ्याचा मान ठेवतो. आतोबांचे कान मात्र प्रत्येक 'अहो'ला लाल व्हायचे. सुट्टीत घरी आले की ते जिना उतरून आमच्या दारात यायचे, काहीतरी बोलायचं म्हणून घसा साफ करायचे आणि विचारायचे, "पाण्याची मोटर बरी चाललीय ना?" आमच्या मोटरची जगात कुठल्याच मोटरची झाली नसेल एवढी चौकशी झाली.

या वर्षी आतोबा निवृत्त झाले. गावच्या क्लबाने मैदानावर सत्कार ठेवला. अध्यक्षांनी गोल, लीग, कप सगळं ओळीने सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आणि आपण आभार मानू या कॅप्टनच्या पोटाचे. ते बिघडलं नसतं तर हा कप कुठून आला असता?" मैदान हसलं. पहिल्या रांगेत बाबाही खांदे हलवून हसले, सवयीने. आतोबा माईकपाशी गेले, घसा साफ केला, "धन्यवाद" म्हणाले आणि येऊन बसले.

घरी आत्याने विचारलं, "एवढं भाषण पाठ करत होतात, त्याचं काय झालं?"

"विसरलो."

"रोज न्हाणीघरात तर घडाघडा म्हणत होतात."

"न्हाणीघरात कुणी नसतं ना," आतोबा म्हणाले.

पुढच्या सोमवारी ते बाबांच्या क्लासवर आले. गाडी शिकायची म्हणाले. आयुष्य क्लबाच्या बसमध्ये गेलं होतं, त्यामुळे येत नव्हती हे खरं. पण आम्ही काय ते समजलो. गाडीत तरी बाबा शेजारी बसतील आणि उठून जाणार नाहीत. बाबांनी इतरांसारखीच फी घेतली आणि इतरांसारखंच शिकवलं. "आरसा बघा." "क्लच सावकाश सोडा." "ही तुमची लेन नाही." याच्या पलीकडे एक शब्द नाही. आतोबाही बोलायला म्हणून तोंड उघडायचे आणि तेवढ्यात गाडी आचके द्यायची.

आमच्या क्लासमध्ये एक जण चालवतो तेव्हा बाकीचे पाळीची वाट बघत मागे बसतात. त्या दिवशी मागे औषधांच्या दुकानवाल्या बाई होत्या, बँकेतला एक तरुण होता आणि वाटेत उतरायचं म्हणून मी कोंबलेला होतो. पाण्याच्या टाकीच्या चढावर आतोबांची गाडी बंद पडली.

"घाबरू नका साहेब," बँकवाला म्हणाला. "फक्त कॅप्टनसारखं पोटाला सांभाळा."

"लागली तर गोळी आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

बाबा हसले. आतोबांचा हात किल्लीवर होता, तो तिथेच राहिला.

"ह्याचं पोट बिघडलं नव्हतं," ते स्टिअरिंगकडे बघत म्हणाले.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"फायनलला. मी काढलं ह्याला. शर्ट टांगला नाही. शेजारी बसून ह्याने दिलेलं संत्रं खाल्लं, पण सांगितलं नाही. मग पेपरवाल्यांनी पोटाचं विचारलं, ते खरं म्हणून मोकळा झालो. मला लाज वाटते." एवढं बोलून त्यांनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं, तर हॉर्न वाजला. मागून दुसऱ्या गाड्यांचेही वाजायला लागले.

मी बाबांकडे बघितलं. इतक्या वर्षांनी सुटलो, असं त्यांना वाटत असेल, अशी माझी समजूत. पण त्यांचे कान आतोबांपेक्षा लाल झाले होते.

"हँडब्रेक ओढा," ते म्हणाले. आतोबांनी ओढला. "पोटाचं तुम्ही नाही काढलंत. ते मीच सांगितलं."

"माझी अब्रू राखायला."

"तुमची कशाला राखू? बायको बसली होती, बहीण बसली होती. मला काढलं, असं म्हणायला तोंड उघडेना. पोट त्या मानाने बरं वाटलं. म्हटलं, लोक दोन दिवसांत विसरतील."

मागचे हॉर्न चालूच होते. मग बँकवाल्याने चाचरत विचारलं, "म्हणजे पोट... ठीक होतं?"

"उत्तम होतं. सकाळी तीन अंडी खाल्ली होती." मग बाबा आतोबांकडे वळले. "काढलंत ते बरोबर केलंत. मीही मला काढलं असतं. पण बूट घालून बसलो होतो मी. त्या पोरांच्या देखत."  मग त्यांनी खिडकीतून हात काढून मागच्या गाड्यांना पुढे जायची खूण केली.

संध्याकाळपर्यंत औषधांच्या दुकानातून गावभर झालं. आतोबांशी रस्त्यात हसणारे निम्मे लोक मान वळवून जायला लागले. उरलेले बाबांचा हात हातात घेऊन "फार सोसलंत हो" म्हणायला लागले, तेव्हा बाबा घरी येऊन वैतागले, "याच्यापेक्षा पोट परवडलं." आत्या दोघांशी आठवडाभर बोलली नाही. आईला म्हणाली, "एवढी वर्षं ह्याच्या पोटाला सोसावं म्हणून मी बिनतिखट रांधत आले. आणि ते दोघं समोर बसून मुकाट खात होते." आतोबा जिना उतरताना कठड्याकडे बघत उतरायचे. मोटरची चौकशी बंद झाली.

पण क्लासला यायचे. लायसन्सच्या परीक्षेआधीच्या शेवटच्या दिवशी टाकीच्या चढावर गाडी तीनदा मागे घसरली. चढ संपल्यावर बाबांनी गाडी कडेला लावायला सांगितली. मागे बाई आणि मी.

"उद्याच्या परीक्षेला तुम्हाला पाठवत नाही," बाबा म्हणाले. "बाईंना पाठवतो. तुमची तयारी नाही."

"चढच तेवढा राहिलाय."

"चढ राहिलाय, आरसाही राहिलाय. पुढच्या महिन्यात बघू. वाईट वाटलं?"

"वाटलं," आतोबा म्हणाले.

"वाटणारच," बाबा म्हणाले, आणि आतोबांनी मान वर करेपर्यंत त्यांच्याकडे बघत तसेच शेजारी बसून राहिले. मागून बाईंनी एकदा घड्याळ बघितलं, पण घाई केली नाही.