रमाताईंच्या बॅटऱ्या

फर्निचर फिटिंगच्या कामात भुसा आणि किस्से, दोन्ही रोज साचतात. भुसा तरी झाडून टाकता येतो! आमच्याकडचे निम्मे किस्से रमाताईंचे. रमाताई, दिलीप आणि मी, आम्ही तिघं रायपूरभर मॉड्युलर किचन बसवतो. ड्रिल ताई चालवतात, आणि ड्रिलच्या बॅटरीबाबत ताई कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

*

मे महिना होता. दिलीपनं बॅटऱ्या गाडीत, समोरच्या काचेखाली ठेवून दिल्या.

ताई कडाडल्या, "काहून रे, पापड वाळवून राहिला का?"

"दीदी, बैटरी ही तो है."

"उन्हानं मरते ते!"

दुसऱ्या दिवसापासून बॅटऱ्या थर्माकोलच्या डब्यात. शंकर नगरात एका घरी आजोबांनी डबा पाहिला आणि लाडात विचारलं, "दीदी, कुल्फी है क्या?"

"हव दादाजी. अठरा वोल्ट की!"

*

ब्राह्मणपाऱ्यातल्या एका घरमालकाला भारी घाई. सागवानात ड्रिल मारून मारून बॅटरी चटका बसेल इतकी तापली होती. ताईंनी ती काढून खिडकीत ठेवली.

"अरे, चार्जिंग पे लगाओ ना!"

"गरम आहे. थंड झाल्यावर लावीन."

"तो क्या बैठे रहेंगे? मैं दूसरे को बुला लूँगा!"

"बोलवा. पण तुमचा तो दुसरा माणूस येईपर्यंत मी दारं लावून टाकते."

ताईंनी साधा पेचकस हातात घेतला आणि सहा दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू हातानं कसले. मनगट सुजलं, पण बॅटरी खिडकीतून हलली नाही. मालक गुपचूप चहा घेऊन आला.

*

एकदा बॅटरी चार्जच होईना. सदर बाजारातल्या दुकानदारानं ती हातातसुद्धा घेतली नाही. "खत्म है दीदी. नई ले लो."

ताईंनी पिशवीतून कोरडा टूथब्रश काढला, बॅटरीच्या पट्ट्यांमधला भुसा साफ केला आणि त्याच्याच काउंटरवर चार्जर लावला. हिरवा दिवा!

"अरे, ये तो चल गई!"

"हव. आता ब्रश घेता का, नवा?"

*

आणि हा सगळ्यात भारी.

आमच्या ठेकेदाराच्या डोक्यात आलं की ताई हळू काम करतात. दुसऱ्या टीमचे लोक बॅटरी पार मरेपर्यंत ड्रिल दाबायचे, म्हणून ते फास्ट! एका मॅडमच्या घरी दोन्ही टीम कामाला होत्या; तिथं सगळ्यांसमोर तो ताईंना म्हणाला, "दीदी, ड्रिल अब वो लोग चलाएँगे. आप पॉलिश देखो."

अकरा वर्षं ताईंच्याच हातात होतं ड्रिल!

ड्रिल ठेकेदाराचं होतं. बॅटऱ्या मात्र ताईंनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या. त्यांनी खटकन बॅटरी काढली, थैलीत टाकली आणि रिकामं ड्रिल त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या टीमच्या दोन्ही बॅटऱ्या सकाळीच बसल्या होत्या. घरात लाइट नव्हती. ओट्यावरचं अर्धवट बसवलेलं कपाट दोन स्क्रूवर लटकत होतं, आणि खाली दिलीप त्याला खांदा लावून उभा!

ठेकेदारानं दोनदा बटण दाबलं. "दीदी, बैटरी?"

"माही आहे. आता मले पॉलिश पाहू द्या."

मॅडम इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, ठेकेदाराच्या हातातलं ड्रिल काढून ताईंना दिलं आणि म्हणाल्या, "भैया, पॉलिश आप कर दीजिए."